ज्याचा इतवार बुधवारी येतो

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. पाळीत काम करणारा माणूस आजारी पडला आणि त्या आजारपणातच त्याची ठरलेली साप्ताहिक सुट्टी आली, तर तो दिवस रजेत धरायचा की सुट्टीत? प्रश्न एवढाच. खामगाव परिसरातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. पगारवाढीवरून जितकी भांडणे खिडकीसमोर झाली नसतील तितकी या एका दिवसावरून झालेली मी पाहिली आहेत. पगाराच्या दिवशी माणूस पावती हातात घेऊन यायचा आणि विचारायचा, ‘‘साहेब, बुधवार तर माझ्या सुट्टीचा होता. मी तापात पडलो म्हणून बुधवार काय सुट्टीचा राहिला नाही का?’’ प्रश्न साधा होता. उत्तर मात्र प्रत्येक नोकरीत वेगळे निघते, आणि बहुतेकांना ते आजारी पडल्यावरच कळते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पाळीत काम करणारी माणसे किती असतील असा विचार करून पाहा. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद या आगारांतले एसटीचे चालक-वाहक. जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयांपर्यंतच्या परिचारिका. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरची रेल्वेची माणसे. वीज उपकेंद्रात रात्रभर एकट्याने बसणारा यंत्रचालक. पोलीस, जेलचे रक्षक, औद्योगिक वसाहतीतले कामगार, पेट्रोल पंपावरची पोरे, बँकेच्या दाराशी उभे असलेले सुरक्षारक्षक. हे भाषण ज्या यंत्रावरून तुमच्यापर्यंत येते त्या यंत्रावर बसलेले कर्मचारीही पाळीतच असतात. या सगळ्यांचा इतवार इतवारी येत नाही. कुणाचा बुधवारी येतो, कुणाचा दर आठवड्याला एकेक दिवस पुढे सरकतो.

आणि साप्ताहिक सुट्टी ही काही आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याचे सातही दिवस काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र आणले, ‘दीनबंधू’ पत्रातून त्यांची बाजू मांडली, सभा घेतल्या, अर्ज केले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या माणसाला देवाला जाऊ द्या, असाही युक्तिवाद त्या काळी केला गेल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने औद्योगिक कामगारांच्या साप्ताहिक विश्रांतीचा करार केला आणि भारताने तो १९२३ मध्येच मान्य केला.

लोखंडे यांनी मिळवलेली सुट्टी सगळ्यांची एकाच दिवशी होती. गिरणीचा भोंगाच वाजत नसे. त्यामुळे रविवारी आजारी पडलेल्या माणसाच्या हजेरीचा प्रश्न उद्भवत नव्हता. चोवीस तास चालणाऱ्या कामात तसे नसते. तिथे तुमची सुट्टी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी कामगिरी असते. पाळीपत्रकात तुमच्या नावापुढे सुट्टीची खूण असेल तर त्याच रकान्यात खाली कुणाच्या तरी नावापुढे रात्रपाळी असते. म्हणून तुमचे आजारपण हे कधीच फक्त तुमचे राहत नाही. हजेरीपत्रकाच्या त्या एका चौकोनावरून मालक, कामगार आणि बदलीचा माणूस अशी तिघांची ओढाताण सुरू होते.

आता नियमांकडे येऊ. सरकारी नोकरीपासून सुरुवात करतो, कारण तिथले नियम निदान लिहिलेले तरी असतात.

समजा एका परिचारिकेची सुट्टी बुधवारी आहे. सोमवारी तिला ताप भरला आणि ती शुक्रवारपर्यंत उठू शकली नाही. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस. त्यातला बुधवार तिच्या सुट्टीचा. तिने नैमित्तिक रजा घेतली तर मधली सुट्टी रजेत मोजली जात नाही, म्हणजे चारच दिवस खर्ची पडतात. पण नैमित्तिक रजा वर्षाला मोजून आठ. त्या आधीच संपलेल्या असतील, तर वैद्यकीय दाखला देऊन रजा घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे दर वर्षाच्या सेवेला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, आणि दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेतली तर खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. या रजेत मधली सुट्टी मोजली जाते. म्हणजे पाच दिवसांच्या आजारपणाला खात्यातून दहा दिवस गेले. त्यातले दोन दिवस अशा बुधवारचे, ज्या दिवशी तिला कामावर यायचेच नव्हते. ताप तोच, माणूस तोच, फक्त अर्जाच्या वरची ओळ बदलली. आणि नैमित्तिक रजेला दुसरी रजा जोडता येत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस हे आणि पुढचे ते, असाही मार्ग नाही.

सुट्टी मध्ये न येता कडेला आली तर मात्र वाचते. रजेच्या आधीची आणि नंतरची सुट्टी रजेला जोडता येते, ती मोजली जात नाही. पण इथे दाखल्यावरची तारीख आडवी येते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७२ चे रजा नियम आहेत, त्यात हे अगदी स्पष्ट लिहिले आहे. डॉक्टरांनी ज्या दिवशी तुम्हाला आजारी ठरवले त्याच्या आधीची सुट्टी आपोआप सुटते. पण त्याच दिवशी किंवा त्यानंतर आलेली सुट्टी रजेचा भाग होते. बरे झाल्याचा दाखला ज्या दिवसाचा, त्या दिवसाची आणि त्यानंतरची सुट्टी सुटते. त्याच्या आधीची सुट्टी रजेत जाते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बुधवारी सुट्टी आहे आणि बुधवारीच अंगात ताप आहे. जो माणूस शहाणपणाने त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला आणि दाखला घेऊन आला, त्याचा बुधवार रजेत गेला. जो अंगावर काढून गुरुवारी सकाळी गेला, त्याचा बुधवार सुट्टीतच राहिला. परतीच्या वेळीही तेच. पुढच्या बुधवारच्या सुट्टीला बरे झाल्याचा दाखला घेतला तर बुधवार सुटला, गुरुवारी कामावर जाताजाता घेतला तर बुधवार गेला. नियम करणाऱ्याच्या मनात असे काही नसावे. त्याला फक्त रेघ कुठे ओढायची ते ठरवायचे होते. पण रेघ अशी ओढली गेली की लवकर औषध घेणाऱ्याचे नुकसान होते. माझ्या मते हा नियम दुरुस्त व्हायला हवा. तो दुरुस्त होईपर्यंत निदान माहीत तरी असावा.

खासगी कारखान्यात प्रकरण वेगळे असते. तिथे खात्यातली रजा जाण्यापेक्षा पगारातला रोज जाण्याची भीती मोठी. टाइम ऑफिसात आम्ही याला ‘सँडविच’ म्हणायचो. मंगळवारी गैरहजर, बुधवारी सुट्टी, गुरुवारी गैरहजर, की बुधवारही गैरहजेरीत दाबून टाकायचा. यामागचे कारण असे सांगितले जाते की माणसे सुट्टीला जोडून दांड्या मारतात. मारतात हे खरे आहे. लग्नसराईत आणि पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे आजाराची साथ यायची, हे मी नाकारत नाही. पण त्या दांडीबहाद्दरांसाठी केलेला नियम खऱ्या कावीळवाल्यालाही लागतो.

आणि इथे एक हिशेब आहे तो प्रत्येक पाळीवाल्याने पाठ करून ठेवावा. समजा महिन्याचा पगार १५,६०० रुपये आहे. काही ठिकाणी रोज काढताना २६ ने भागतात, म्हणजे ६०० रुपये. काही ठिकाणी ३० ने भागतात, म्हणजे ५२० रुपये. २६ ने भागण्याचा अर्थच असा की महिन्यातल्या चार सुट्ट्या हिशेबातून आधीच बाजूला ठेवल्या. मग सोमवार ते शुक्रवारच्या आजारपणात बुधवार मोजायचा नाही, चारच दिवस कापायचे, म्हणजे २,४०० रुपये. ३० ने भागले तर सुट्टीही पगाराच्या दिवसांत धरलेली आहे. तिथे ती मोजली, तर पाच दिवसांचे २,६०० होतात. हे दोन्ही हिशेब आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. पण भागायचे २६ ने आणि कापायचे पाच दिवस, असे केले की ३,००० रुपये जातात. ही सरळ सहाशे रुपयांची चोरी आहे, मग ती संगणकाने केलेली असो की कारकुनाने. पगारपावतीवर रोजाचा दर लिहिलेला नसेल तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

सहा दिवस भरल्याशिवाय पगारी सुट्टी नाही, असे रोजंदारीवरच्या आणि ठेकेदाराकडच्या माणसांना सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. किमान वेतनाच्या १९५० च्या केंद्रीय नियमांत सलग सहा दिवस कामाची अट होती हे खरे. पण त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले होते की त्या सहा दिवसांत मालकाने मंजूर केलेली रजा, मग ती पगारी असो की बिनपगारी, काम केलेला दिवसच धरावी. म्हणजे आजारपणाची बिनपगारी रजा जरी मंजूर करून घेतली असेल तरी त्या आठवड्याच्या सुट्टीवरचा हक्क जात नाही. सगळी मेख ‘मंजूर’ या शब्दात आहे. न सांगता राहिलेला दिवस ही रजा नव्हे, ती गैरहजेरी. म्हणून तापात असतानाही पोराच्या हाती चिठ्ठी पाठवावी, फोनवर निरोप टाकावा आणि कामावर परतल्यावर अर्जावर सही-शिक्का घ्यावा. मेहकरकडचा एक ठेक्यावरचा कामगार दर वेळी अर्जाच्या दोन प्रती आणायचा आणि दुसरीवर माझी सही घेऊन ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी न्यायचा. बाकीचे त्याला हसायचे. त्याची एकही सुट्टी कधी कापली गेली नाही.

राज्य कामगार विमा योजनेत जे येतात त्यांच्यासाठी आणखी एक गाठ आहे. ही योजना २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू आहे आणि जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून त्यासाठी पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. पहिल्या खेपेला सुरुवातीचे दोन दिवस बिनपैशाचे. मात्र पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ते दोन दिवस पुन्हा सोसावे लागत नाहीत. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांना वेगळा वाढीव लाभ आहे.

आता गाठ कुठे पडते ती सांगतो. ज्या दिवसाचा पगार मालक सुट्टी म्हणून देतो, त्या दिवसाचा आजारलाभ योजनेकडून मिळत नाही. एका दिवसाचे पैसे दोन ठिकाणांहून मिळू नयेत, हे योग्यच आहे. पण मी पाहिलेल्या एका प्रकरणात कारखान्याने विमा कार्यालयाला पाठवलेल्या कागदावर बुधवार पगारी सुट्टी म्हणून दाखवला आणि पगारपत्रकात तोच बुधवार गैरहजेरी म्हणून कापला. विमा कार्यालय म्हणाले, मालकाने दिले. मालक म्हणाला, तू तर आजारी होतास, विम्याकडे माग. कामगार दोन्हीकडून गेला. रक्कम मोठी नव्हती. तीन चकरांचे एसटीचे भाडे त्याहून जास्त झाले असावे. पण तो म्हणायचा, ‘‘पैशाचं नाही साहेब, माझा बुधवार कुठं गेला तेवढं दाखवा.’’ दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर तो सापडला आणि पुढच्या महिन्यात पगार मिळाला. तेव्हापासून आजारपणाचा कागद पाठवताना मी हजेरीपत्रक शेजारी ठेवूनच भरायचो.

आजारपणाचा आणखी एक फटका लगेच दिसत नाही, तो पुढच्या वर्षी बसतो. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात वर्षाकाठी २४० दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. ही रजा घेताना मध्ये किंवा कडेला आलेली साप्ताहिक सुट्टी मोजायची नाही, असे त्या कायद्यात स्वच्छ लिहिले होते. २४० दिवस पुरे झाले की नाही हे पाहताना ले-ऑफचे दिवस, बाळंतपणाची रजा आणि आधी कमावलेली पगारी रजा हे दिवस भरलेले धरत. आजारपणाचे दिवस मात्र या यादीत नव्हते. वर्षातून साप्ताहिक सुट्ट्या आणि सण वजा केले की कामाचे साधारण ३०५ दिवस उरतात. एखादा माणूस अपघातात किंवा कावीळीत ७० दिवस पडून राहिला की उरले २३५. पाच दिवसांनी वर्ष हुकले आणि पुढच्या वर्षाची सगळी रजा गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखान्यांचा कायदा आणि मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा त्यांत सामावले गेले. नव्या संहितेत २४० ची अट १८० वर आली आहे. म्हणजे आता त्याच माणसाला २३५ दिवसांवर जवळपास १२ दिवसांची रजा मिळू शकते. या संहितांबद्दल संघटनांच्या अनेक तक्रारी आहेत आणि त्यांतल्या काहींशी मी सहमत आहे. पण लांबच्या आजारातून उठलेल्या कामगाराला हा बदल फायद्याचा आहे हे मान्य करायला हवे. सुट्टी रजेत मोजायची नाही हे तत्त्वही नव्या संहितेत कायम आहे.

सगळ्याच सुट्ट्या एका जातीच्या नसतात, हेही इथे सांगितले पाहिजे. एक सुट्टी आठवड्याची असते. ती तुम्ही काम केले म्हणून मिळत नाही, आठवडा संपला म्हणून मिळते. दुसरी सुट्टी ही मालकाकडे असलेले येणे असते. रात्रपाळ्यांची रांग झाल्यावर परिचारिकेला मिळणारी सुट्टी, किंवा आषाढीला पंढरपूरच्या जादा गाडीवर गेल्यामुळे बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात वाहकाला मिळणारी सुट्टी, या दुसऱ्या जातीच्या. आठवड्याच्या सुट्टीला तुम्ही आजारी पडलात तर तो दिवस गेला, तो पुन्हा येत नाही. आपल्याकडे तसा नियम नाही. पण येणे असलेली सुट्टी ज्या दिवशी लावली त्याच दिवशी तुम्ही रुग्णालयात असाल, तर ते देणे फिटले असे कसे म्हणायचे? उसने दिलेले ज्वारीचे पोते परत आले तेव्हा मी तापात होतो म्हणून ते बुडाले, असे कुणी म्हणत नाही. व्यवहारात मात्र पाळीपत्रकावर दोन्हींची खूण एकच असते, आणि खूण एक म्हणून न्यायही एकच लावला जातो. पाळीपत्रक लिहिणाऱ्यांनी या दोन सुट्ट्यांना वेगळी अक्षरे वापरली तर निम्मे तंटे मिटतील.

याबाबत युरोपातला एक निकाल सांगण्यासारखा आहे. माद्रिद शहरात रस्त्यावरच्या गाड्या टोइंग करून नेणारा पेरेदा नावाचा चालक होता. २००७ च्या १६ जुलैपासून १४ ऑगस्टपर्यंत त्याची वार्षिक सुट्टी ठरलेली होती. ३ जुलैला कामावर अपघात झाला आणि तो १३ ऑगस्टपर्यंत अंथरुणावर राहिला. ठरलेल्या सुट्टीतला एकच दिवस त्याच्या वाट्याला आला. त्याने पुन्हा सुट्टी मागितली, कंपनीने नाकारली. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले आणि १० सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की वार्षिक सुट्टी विश्रांतीसाठी आणि मोकळेपणासाठी असते, आजारी रजा बरे होण्यासाठी असते. एकीचे काम दुसरी करत नाही. हा निकाल वार्षिक सुट्टीचा आहे, आठवड्याच्या सुट्टीचा नाही, हे खरे. तिथेही रविवारी सर्दी झाली म्हणून सोमवार मिळत नाही. पण आपल्याकडे पंधरा दिवसांची कमावलेली रजा घेऊन गावी गेलेला माणूस तिथे टायफॉइडने पडला, तर त्या रजेचे काय, हा प्रश्न निदान विचारला तरी जावा.

जुन्या कारखाना कायद्यात एक उपयोगी तरतूद होती, तिच्याबद्दल फार थोड्यांना माहिती असे. कमावलेल्या रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागे, पण आजारपणासाठी ती रजा हवी असेल तर वेळेत अर्ज केला नाही म्हणून ती नाकारता येत नसे. पंधरा दिवस आधी ताप येणार हे कुणाला ठाऊक असते? तरीही अर्ज उशिरा आला या शेऱ्यावर परत गेलेले कागद मी पाहिले आहेत.

आता एसटीच्या चालकाचे घेऊ. त्याच्या सुट्टीचा दिवस कागदावर रात्री बारापासून रात्री बारापर्यंत असतो, पण आदल्या दिवशी मुक्कामी गाडी असेल तर तो घाटाखालच्या एखाद्या गावात गाडीतच झोपलेला असतो. सकाळी पहिली फेरी घेऊन राजूर घाट चढून बुलडाण्याला आला, हिशेब दिला, घरी पोहोचला की सुट्टीची सकाळ संपलेली. अशा माणसाला सुट्टीच्या दुपारी अंग दुखून ताप आला तर तो आजार सुट्टीतला की कामावरचा? नियमात याला उत्तर नाही. रेल्वेने या बाबतीत शहाणपणा दाखवला आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात विश्रांती वारावर न मोजता तासांवर मोजली आहे. सततचे काम असणाऱ्याला आठवड्यात सलग ३० तास, आणि गाडीवर चालणाऱ्या लोको पायलट-गार्ड मंडळींना महिन्यात ३० तासांच्या चार किंवा एक पूर्ण रात्र धरून २२ तासांच्या पाच विश्रांती. ‘पूर्ण रात्र’ हा शब्द कायद्यात आणणाऱ्याने कधी तरी स्वतः रात्रपाळी केली असली पाहिजे. पाळीवाल्याची सुट्टी तारखेने मोजली की ती कागदावर पुरी भरते, तासाने मोजली की अंगाला लागते.

आजारातून उठलेल्याला पहिल्या दिवशी कोणती पाळी लावायची, याचा विचार तर क्वचितच होतो. पाळीपत्रक कुणासाठी थांबत नाही. दिवसपाळीत आजारी पडलेला माणूस आठ दिवसांनी परततो तेव्हा त्याच्या तुकडीची रात्रपाळी आलेली असते. दाखल्यावर ‘कामावर जाण्यास योग्य’ असे लिहिलेले असते, ‘रात्री जागण्यास योग्य’ असे कुणी लिहीत नाही. डॉक्टरांना विनंती केली तर ते दोन ओळी जास्त लिहून देतात, आठ दिवस हलके काम, रात्रपाळी नको. त्या दोन ओळी मालकाला बंधनकारक असतीलच असे नाही, पण पाळी लावणाऱ्या माणसाच्या हातात एक कागद येतो. त्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचे असते. मी त्या खुर्चीवर बसलो आहे म्हणून सांगतो, कागद असला की धीर येतो.

राहता राहिला बदलीचा माणूस. आजाऱ्याची सगळे विचारपूस करतात. त्याच्या जागी ज्याची सुट्टी मोडून बोलावले त्याची कुणी करत नाही. उन्हाळ्यात वीज उपकेंद्रातला एक यंत्रचालक आजारी पडला की दुसऱ्याला सोळा तास बसावे लागते, नाही तर सुट्टीवरच्याला घरून उचलून आणावे लागते. पोराचे जावळ असो की बाजाराचा दिवस असो. दोन-तीनदा असे झाले की तो आजाऱ्यावरच चिडतो. ‘‘याला बरा माझ्या सुट्टीच्या दिवशीच ताप येतो’’ असे म्हणतो. दोघे एकाच ताटातले, आणि भांडण त्यांच्यात लागते. खरे म्हणजे भांडण माणसे कमी ठेवणाऱ्याशी असायला हवे. सात दिवसांच्या कामाला सहा दिवसांची माणसे लागत नाहीत, सुट्टीची आणि आजारपणाची भर घालून माणसे लागतात. रेल्वेत यासाठी ‘रेस्ट गिव्हर’ नावाची वेगळी माणसेच असतात, दुसऱ्यांना विश्रांती देणे हेच त्यांचे काम. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत आणि उपकेंद्रांत ती जागा बहुतेक वेळा रिकामी असते किंवा कागदावरच भरलेली असते.

अशा बदलीच्या माणसासाठी एक गोष्ट सांगून थांबतो. सुट्टी मोडून काम केले तर तिच्या बदल्यात सुट्टी मिळालीच पाहिजे, आणि तीही मुदतीत. ज्या महिन्यात ती बुडाली त्या महिन्यात, नाही तर त्यापुढच्या दोन महिन्यांत. जुन्या कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे. ऑगस्टमधला बुधवार बुडाला असेल तर तो ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत परत मिळायला हवा. कॅलेंडरवर त्या बुधवारभोवती पेनाने गोल करून ठेवा, आणि कुणाच्या जागी गेला होतात त्याचे नाव शेजारी लिहा.